कलाभवनातले फाळके

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि मुंबई यांचा उल्लेख हटकून होतो. आपल्या बडोद्याच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येते. गावचा अभिमान बाजूला ठेवला तरी मला हे खटकते. त्यांच्या पुढच्या कर्तृत्वाची बरीचशी पूर्वतयारी या शहरात झाली आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 1870 चा. वडील संस्कृतचे जाणकार. मुंबईच्या जे. जे. शाळेत चित्रकला शिकून धुंडिराज थोरल्या भावाकडे बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी 1890 साली कलाभवन काढले. तेथल्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत हे एक. तैलचित्रे, जलरंग, मूर्तिकाम असे सारे त्यांनी हाताखालून घातले. गज्जरांनी फोटोग्राफीची प्रयोगशाळाही त्यांना मोकळी करून दिली. पुढे रतलामला जाऊन ते रंगीत छपाईचे ठसे करण्यास शिकले. गोध्र्यास फोटोचा धंदा मांडला, तो प्लेगाने बायको-मूल नेऊन मोडला. बडोद्यास परतून पुन्हा दुकान थाटले, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली म्हणतात! मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, जादूचे खेळही केले. फाळके हे नाव उलटून ते प्रोफेसर केल्फा झाले होते.

लोकांना ही धरसोड वाटली असेल. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडली, जर्मनीची वारी करून वाढवलेल्या छापखान्यातूनही ते बाहेर पडले. मात्र 1910-11 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि ही सगळी विद्या एका ठिकाणी येऊन बसली. विम्याच्या पॉलिशा तारण ठेवून 1912 साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. आधी वाटाण्याचे रोप वाढताना टिपून पाहिले, मग 'राजा हरिश्चंद्र'. 3 मे 1913 रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. कथा, देखावे, चित्रण, धुलाई, जोडकाम यांतले एकही काम दादासाहेबांच्या हाताला परके नव्हते. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. स्त्रिया काम करण्यास मिळेनात म्हणून उपाहारगृहातला साळुंके तारामती झाला. 'लंकादहन'मध्ये (1917) तर राम आणि सीता हे दोघेही तोच!

आमच्या घरी गाणे दरबारच्या चाकरीतून आले. गवई कितीही मोठा असो, तंबोरा आणि तबला दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. दादासाहेब मात्र स्वतःच गाणार आणि ठेकाही स्वतःच धरणार! भांडवलदारांच्या भागीदारीत 1918 मध्ये हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली. लवकरच खटके उडाले. ते रागाने काशीला जाऊन बसले, तेथे 'रंगभूमी' नाटक लिहिले आणि 1922 मध्ये परत आले. पण पहिली घडी पुन्हा बसली नाही.

तशात 1931 साली 'आलम आरा'ने पडद्याला वाचा दिली. तोवर पेटी-तबलेवाले पडद्यापुढे बसत. आता आवाज चित्राचाच भाग झाला, आणि त्याला यंत्रज्ञ, गायक, संगीतकार असे वेगवेगळे धनी आले. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूक म्हणून तयार झाला होता, त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला. वयाची सदुसष्टी गाठताना, 1937 साली, कोल्हापुरात त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला. तोच पहिला आणि तोच अखेरचा. वय झाले म्हणून ते मागे पडले असे सांगतात. मला ते अर्धेच खरे वाटते. सारे एकट्याच्या हातांनी करण्याची त्यांची रीतच या नव्या कारखान्यात बसणारी नव्हती. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला ते वारले, तेव्हा चित्रसृष्टीने त्यांची आठवण फारशी ठेवली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार निघाला तो 1969 साली.

त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या फिती आज नाहीत. 'कालिया मर्दन' (1919) मात्र बराचसा उरला आहे. मागे माझ्या शिष्यांना तो दाखवला. आरंभी दादासाहेबांची लहानगी लेक मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव दाखवते आणि मग कृष्ण होते. सूर नाही, शब्द नाही. पुढे ती कालियाच्या फण्यावर नाचू लागली, तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा मांडीवर ठेका धरून बसला होता.