बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई नथूजी चौधरी (जन्म: आसोदे, जळगाव जिल्हा, २४ ऑगस्ट १८८०, मृत्यू: जळगाव, ३ डिसेंबर १९५१) या खानदेशातील मराठी कवयित्री होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या ओव्या रचून म्हणत. त्यांच्या उपलब्ध रचना आज मराठीतील महत्त्वाच्या कवितांमध्ये गणल्या जातात.

जीवन

आसोदे येथील उखाजी महाजन व भीमाबाई हे त्यांचे आईवडील. वयाच्या १३व्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काशी, ओंकार आणि सोपान ही त्यांची अपत्ये. प्लेगच्या आजारामुळे ओंकार यांना कायमचे अपंगत्व आले. पुढे कवी म्हणून ओळखले गेलेले सोपानदेव चौधरी हे त्यांचे धाकटे पुत्र.

वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी बहिणाबाईंना वैधव्य आले. त्यानंतरची चार दशके, म्हणजे तारुण्याचा उत्तरार्ध, मध्यवय आणि वार्धक्य, शेती, मुले आणि घर सांभाळण्यात गेली. तत्कालीन समाजात विधवेच्या वाट्याला येणारी कीव त्यांनी नाकारली. वैधव्यावरील एका रचनेत त्या शेजारणींना दया न दाखवण्यास सांगतात आणि आता आपला आधार आपणच असल्याचे मानतात. मात्र दुःख नसल्याचा आव त्या रचनेत कोठेही नाही.

अन्न, श्रम आणि मन

खानदेशात ज्वारी-बाजरीची भाकरी हे रोजचे अन्न. त्यासाठी पहाटे जात्यावर दळण, मग चूल आणि त्यानंतर शेत असा बायकांचा दिवस असे. हाच दिनक्रम बहिणाबाईंच्या कवितेचा उगम ठरला. ‘घरोट’ या कवितेत जात्याची झीज आणि दळणारीचा घाम एकत्र येतात. पडणारे पीठ आणि आतून उमटणारे गाणे यांची सांगडही तेथेच घातलेली आहे. संसाराला त्यांनी चुलीवरच्या तव्याची उपमा दिली, कारण चटके सोसल्याशिवाय भाकरी मिळत नाही हे त्यांच्या रोजच्या अनुभवाचे होते.

‘मन’ ही त्यांची सर्वाधिक परिचित कविता होय. उभ्या पिकात पुन्हापुन्हा शिरणारे ढोर ही तिच्यातील प्रतिमा शेतकरी बाईलाच सुचावी अशी आहे. विंचू-सापाच्या विषावर उतारा असतो, मनाच्या विषाचे तसे नाही, असेही त्यात सूचित होते. मानसिक आरोग्य हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचण्याच्या कितीतरी आधीचे हे निरीक्षण आहे. ते उपदेशाच्या सुरात येत नाही, म्हणूनच अधिक पटते.

भाषा आणि प्रकाशन

या कवितांची बोली लेवा गणबोली होय. तिला सरसकट अहिराणी म्हटले जाते, ते बरोबर नाही. धुळे-नंदुरबार भागात बोलली जाणारी अहिराणी तिच्याहून वेगळी आहे. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी काही रचना ऐकून लिहून ठेवल्या. बाकीच्या बहुतेक बहिणाबाईंबरोबरच गेल्या. सोपानदेवांनी आईच्या मृत्यूनंतर ते हस्तलिखित आचार्य अत्रे यांना दाखवले. अत्रे यांच्या पुढाकाराने आणि प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटातून त्यांतील काही गाणी घरोघरी पोहोचली.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांसाठी असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.