पंडिता रमाबाई : भाकरी आणि काम

गेल्या पावसाळ्यात डिचोलीला उपासना आटोपल्यावर मंडळीच्या मदत-निधीचा विषय निघाला. एका कुटुंबाला तांदूळ व मुलांची फी द्यावी की नाही, एवढाच प्रश्न होता. घरचा कर्ता पुरुष खाणीवरच्या ट्रकवर होता. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हापासून त्याची घडी बसली नाही. एक वडीलधारे म्हणाले, त्यांच्या घरात म्हातारीला दयानंद योजनेचे पैसे येतात, सुनेला गृह आधारचे येतात, मग मंडळीने कशाला? दुसऱ्यांनी थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय काढला. पेडण्याहून आलेल्या एका शब्बाथशाळेच्या शिक्षिकाबाईंनी मत्तयाचा पंचविसावा काढला. मी ईश्वरज्ञानाची पदविका घेतलेला माणूस, पण त्या दिवशी मला दोन्ही वचनांचा मेळ घालता आला नाही. घरी येऊन मी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले. कारण भूक, काम, दानधर्म आणि सरकारी मदत या चारही गोष्टी या बाईंनी जवळून पाहिल्या होत्या, आणि त्यांपैकी पहिली तर स्वतःच्या पोटात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले व आईने रमेला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. लोक दक्षिणा देत, त्यावर घर चाले, आणि त्यातलाच मोठा भाग ते पुन्हा ब्राह्मणांना दान करीत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाची झळ लागली आणि दक्षिणा आटली. भांडी गेली, दागिने गेले, कपडे गेले. सबंध घर शास्त्रांत पारंगत, पण मजुरी कशी करावी हे कोणालाच ठाऊक नव्हते. शिवाय हाताने काम करणे म्हणजे कुळाला कमीपणा, अशी समजूत होती. रानातला पाला खाऊन दिवस काढले. शेवटी वृद्ध बापाने जलसमाधी घेण्याचे ठरविले, तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की आता कुळाचा मान उरला नाही, मी मजुरी करून तुम्हाला पोसतो. फार उशीर झाला होता. थोड्याच अवधीत बाप, आई आणि थोरली बहीण, तिघेही गेले.

आईच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग शब्बाथशाळेत सांगण्याजोगा आहे. आईला भूक लागली होती. रमा शेजारच्या एका बाईच्या दारात भाकरीचा तुकडा मागावयास गेली, पण तोंडातून शब्द फुटेना, नुसते डोळे भरून आले. त्या बाईने न मागताच ओळखले आणि बाजरीची भाकरी दिली. आईला ती खाण्याचे त्राण उरले नव्हते. देणाऱ्याने चौकशी किती करावी, यावर आम्ही मंडळीच्या बैठकीत तासभर घालविला होता. त्या शेजारणीने काहीच विचारले नव्हते.

पुढचा भाग वाचकांना ठाऊक आहे. भावाबहिणीची पायपीट, १८७८ साली कलकत्त्यास मिळालेली पंडिता व सरस्वती ही पदवी, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमा, १८८२ साली वैधव्य, १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा. अमेरिकेतील मित्रांनी संघ स्थापून दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले, व ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन निघाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले.

दहा वर्षांची मुदत ही बाई विसरली नाही. पैसे येत असतानाच पुढे ते आटतील याची तजवीज तिने चालविली. दौंडच्या अलीकडे केडगावला सुमारे शंभर एकर माळरान घेतले, विहिरी खणल्या, फळझाडे लावली, की सदनाने आपल्या उत्पन्नावर उभे राहावे. बापाच्या घरात दक्षिणा आटल्यावर काय झाले, ते तिने पाहिलेच होते.

झाडे मोठी होण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारचे दुष्काळी नियम तोवर तयार होते. धडधाकटांना खडी फोडण्याचे वगैरे काम व बेताची मजुरी, अशक्तांना अन्नछत्रे. त्या व्यवस्थेने पुष्कळांचे प्राण वाचले, हे मान्य केले पाहिजे. पण रमाबाईंनी छावण्यांत अनाथ मुली व तरुण विधवा पाहिल्या. अन्न होते, परंतु त्यांना राखणारे कोणी नव्हते, आणि त्यांना फसवून नेणारे टपून होते. बाईंनी सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगची बंधने असल्याने तेथे ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या माळावर तात्पुरता निवारा केला. मुक्ति सदनाची सुरुवात ही अशी.

त्याच १८९७ साली पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या हालाविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड लिहिले. प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे खोडून काढले. सरकार ख्रिस्ती राजाचे म्हणून बाई गप्प बसल्या नाहीत. १९१९ साली त्याच सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना नुसते बसवून खाऊ घालणे बाईंनी मानलेच नाही. अंगात ताकद आली की काम. शेत, गाईगुरे, विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, भाजण्याची भट्टी, छापखाना. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल वाचावयास शिकवीत व त्यांनाही हाताला धंदा असे. पण क्रम पाहावा : आधी जेवण व औषध, मग अक्षरओळख, मग काम. काम करशील तर जेवण, असा हिशेब उपाशी पोराशी त्यांनी केला नाही.

एक गोष्ट चरित्रकार हळूच गाळतात. भुकेल्यांना अन्न देऊन बाटविले, असा आरोप बाईंवर झाला. १८९३ सालीच शारदा सदनातील मुलींवरून वाद पेटून रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. मुक्तीत ख्रिस्ती शिक्षण सर्वांना मिळे व पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हेही खरे. माझे मत असे की बाई लपवून काही करीत नव्हत्या, आणि त्या मुली परत कोठे जाणार होत्या, हेही पाहिले पाहिजे. तरी ज्याचे पोट आपल्या हाती आहे त्याच्या मनावर आपला भार पडतो. आम्ही तांदळाची पिशवी देताना रविवारच्या हजेरीची आठवण करून देतो, तेव्हा मला हा वाद आठवतो.

डिचोलीच्या त्या कुटुंबाला अखेर तांदूळ व फी दोन्ही मिळाली. पेडण्याच्या शिक्षिकाबाईंनी सुनेला शिवणयंत्र मिळवून देण्याचे मनावर घेतले आहे. वडीलधारे अजून नाराज आहेत, आणि निधीत पैसे थोडे आहेत, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे इब्री व हेल्लेणी भाषांतून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. साध्या बायकांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः बाई गेल्या. भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले, जेथे खिळे जुळविण्याचे काम मुक्तीच्याच मुली व बाया करीत.