बारा नंबरचा गॅस

मे महिन्यात लासलगावला काकांकडे गेलो होतो. त्यांची 1990 च्या सुमाराची जुनी गाडी आहे, एसीवाली. मार्केट यार्डाच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरमागे अडकलो आणि आत अक्षरशः भट्टी! एसीतून नुसता गरम वारा. मेकॅनिकने बॉनेट उघडून कंडेन्सरच्या जाळीत अडकलेली कांद्याची टरफलं काढली आणि सांगितलं, की ह्यात जुना बारा नंबरचा गॅस आहे, तो आता मिळत नाही. उरलासुरला हवेत सोडून देऊ आणि 134 भरू. हा बारा नंबर काढला कोणी, ते शोधायला गेलो आणि थॉमस मिजली भेटला.

मिजलीचा जन्म 1889 चा, अमेरिकेतला. 1911 मध्ये तो कॉर्नेलमधून मेकॅनिकल इंजिनिअर झाला, म्हणजे आपलाच माणूस! पुढे डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली लागला. तेव्हा गाड्यांची इंजिनं फार नॉक करायची. असंख्य पदार्थ पेट्रोलमध्ये टाकून पाहिल्यावर 1921 मध्ये त्याला शिशाचं एक संयुग सापडलं. नॉकिंग थांबलं, पण शिसं म्हणजे विष. 1923 मध्ये त्याला स्वतःलाच बाधा झाली, 1924 मध्ये कारखान्यातले कामगार दगावले. तरी पठ्ठ्याने पत्रकारांसमोर ते हातावर ओतून, हुंगून दाखवलं.

मग आला फ्रीज. त्या काळच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले गॅस असत. गळती झाली की जिवावर बेतायचं. 1928 मध्ये मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रीऑन-12 शोधला. जवळजवळ वास नाही, पेट घेत नाही. 1930 मध्ये भर सभेत त्याने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली! पुढे कित्येक वर्षं गाड्यांचे एसी ह्याच गॅसवर चालले.

1940 मध्ये मिजलीला पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं. 1944 मध्ये त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो गेला.

पुढे 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, की हा गॅस वर जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. 1987 मध्ये माँट्रिअल करार झाला आणि बारा नंबरचे दिवस भरले. शिशाचं पेट्रोल भारतात 2000 मध्ये बंद झालं, जगातून 2021 मध्ये.

लोक मिजलीला सरसकट खलनायक ठरवतात. मला ते पटत नाही. ओझोनचं त्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं. ती चूक माफ. पण शिशाचं त्याला माहीत होतं, स्वतःच्या अंगावर आलं होतं. तिथे माफी नाही.

आता आपलं काय? आपल्याला तर दोन्ही माहीत आहे. म्हणून मी काकांना म्हटलं, गॅस हवेत सोडू नका, तो काढून घ्यायचं मशीन असेल तिथेच गाडी न्या. तेल, ड्रायर आणि सीलसुद्धा 134 ला चालणारे घाला. काका आधी कुरकुरले, मग तयार झाले. तोवर गाडी सावलीत लावतो आणि निघताना चारही काचा खाली करतो. कांदा चाळीचंच तत्त्व आहे हे: आतली गरम हवा आधी बाहेर!