गप्प बसणारा शिक्षक

विल्फ्रेड बियॉन यांचा जन्म १८९७ मध्ये मथुरेत, एका इंग्रज अभियंत्याच्या घरी झाला. आठव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांची रवानगी इंग्लंडला झाली. पहिल्या महायुद्धात रणगाड्यावर लढून त्यांनी शौर्यपदक मिळवले, मग इतिहास आणि नंतर वैद्यक शिकून ते मनोविश्लेषणाकडे वळले.

दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनाने खचलेल्या सैनिकांचा एक विभाग त्यांच्याकडे आला. तिथे बेशिस्त माजली होती. बियॉन यांनी शिक्षेचा मार्ग धरला नाही. प्रत्येकाने कुठल्यातरी गटात काम करावे आणि रोज दुपारी सर्वांनी जमून विभागाची अवस्था स्वतःच न्याहाळावी, एवढेच त्यांनी ठरवले. सैनिक सावरू लागले, पण वरिष्ठांना हा प्रकार रुचला नाही. सहा आठवड्यांत प्रयोग गुंडाळला गेला.

१९४८ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी गट घ्यायला सुरुवात केली. लोक जमत, डॉक्टर आता काहीतरी सांगतील म्हणून वाट पाहत. बियॉन गप्प. लोक अस्वस्थ होत, चिडत. मग ते शांतपणे एवढेच दाखवून देत की, गटाला त्यांच्याकडून काहीतरी हवे आहे. त्यांच्या लेखी ही चीडच अभ्यासाचा विषय होती. ठरलेले काम अवघड वाटू लागले की गट नकळत तीनपैकी एका समजुतीवर चालतो, असे त्यांनी मांडले : कोणीतरी सर्वज्ञ आपल्याला सांभाळेल, कोणाशी तरी लढायचे किंवा पळायचे आहे, किंवा दोघांच्या जोडीतून उद्धारकर्ता येईल. या गोष्टी फळ्यावर लिहून पाठ होतात, उमजत नाहीत. गटात बसून स्वतःचा संताप अनुभवलेल्या उपचारकाला त्या चटकन कळतात. १९५७ पासून लीस्टरमध्ये भरू लागलेल्या प्रशिक्षण परिषदांचा पाया हाच होता. बियॉन यांचे गटांवरील पुस्तक आले १९६१ मध्ये.

मात्र शिकवण्याची रीत आणि उपचाराची रीत एक नव्हे. टॅव्हिस्टॉकमधील गटोपचाराचा पाठपुरावा १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा बरेच रुग्ण नाराज असल्याचे दिसले. त्रासलेल्या माणसाला उपचारकाचे मौन थंडपणाच वाटते. नवख्याने त्याची नक्कल केली, तर पुढच्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या राहतात.

बियॉन स्वतः पुढे गटांपासून दूर गेले. १९६८ मध्ये ते लॉस एंजेलिसला स्थायिक झाले, १९७९ मध्ये इंग्लंडला परतले. जानेवारी १९८० मध्ये ते मुंबईला येणार होते. बालपणानंतर भारत त्यांनी पाहिला नव्हता. पण ८ नोव्हेंबर १९७९ रोजी रक्ताच्या कर्करोगाने ऑक्सफर्डमध्ये त्यांचे निधन झाले.