रंगांनी अडवलेला यंत्रकार

बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर या भागांतली कितीतरी मुले दरवर्षी सैन्य, पोलीस आणि रेल्वेच्या भरतीची तयारी करतात. पहाटे उठून धावतात, उंची-छातीच्या मोजमापात बसतात. मग वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांच्या गोलातला आकडा काही केल्या वाचता येत नाही आणि सगळे तिथेच थांबते. आजवर डोळ्यांची एकही तक्रार नसलेल्या मुलाला त्या दिवशी कळते की आपल्याला रंगांधळेपणा आहे. अशा मुलाच्या घरी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट माहीत असायला हवी.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. लक्ष्मणला शाळेची पुस्तके रुचत नसत. त्याला ओढ होती चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांचा विरोध होता, पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीने 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

रेषा उत्तम होती, आकाराची जाण चांगली होती. अडचण रंगांत आली. दोन वर्षांनी लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक नीट दिसत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून मोठा धक्का तो कोणता!

आपल्या डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी लाल किंवा हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा प्रकार नसला वा सदोष असला, तर लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी या छटा एकमेकींत मिसळतात. नजर तीक्ष्ण असते, जग काळे-पांढरेही दिसत नाही. या दोषाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळते, म्हणून दोष आईमार्फत येतो, पण तिला स्वतःला बहुधा काहीच जाणवत नाही. मुलींत दोन एक्स असल्याने एक सदोष असले तरी दुसरे सांभाळून घेते. त्यामुळे हा दोष पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. यात आईचा काही अपराध नाही, हे घरातल्यांनी आवर्जून समजून घ्यावे.

आज तपासणीत वापरले जाणारे ठिपक्यांचे तक्ते जपानचे नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केले. लक्ष्मणरावांच्या विद्यार्थिदशेत ते नव्हतेच. त्यांची परीक्षा रंगांच्या पाटीवरच झाली.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. जे. जे. मध्येच ते यांत्रिक आरेखन शिकले. यंत्राच्या आराखड्यात सगळा कारभार रेषेचा, मापाचा आणि प्रमाणाचा. तिथे हिरव्या-तांबड्याने काही अडत नाही. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तिथली यंत्रे उघडून, जोडून, हाताळून त्यांनी धातुकाम आत्मसात केले. याच काळात सायकलींचा धंदाही सुरू झाला. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकत, वर चालवायलाही शिकवत. नोकरीत हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

तिथल्या छोट्या कारखान्यात कडबा कापायचे यंत्र तयार झाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. लाकडी नांगराने वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतली हरळी आणि कुंदा उपसायचा म्हणजे काय कष्ट, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. खोल जाणाऱ्या लोखंडी फाळाचे मोल हळूहळू पटले आणि मागणी वाढली.

1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरान जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले.

या सगळ्या कामाच्या मुळाशी लेथ होता. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार त्याला कापते. जॉब धरण्यात जरा चूक झाली की तो डोलतो आणि माप बिघडते. नेहमीच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये, विशेषतः तो जुना असेल तर, केसाच्या जाडीएवढा फरक सहज पडतो. कॉलेट ही चिरा पाडलेली पोलादी नळी असते. ती निमुळत्या खोबणीत ओढली की सगळ्या बाजूंनी सारखी आवळते आणि जॉब सरळ फिरतो. ही ओढण्याची रचना म्हणजे कॉलेट क्लोझर.

किर्लोस्करांनी 1941 मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना काढून लेथ बनवायला सुरुवात केली. तो कारखाना पुढे बंद पडला. त्यामुळे घरच्या शेडमध्ये असा जुना लेथ असेल, तर क्लोझर नावावरून न मागता मापावरून शोधावा लागतो. स्पिंडलच्या तोंडावरचे आटे, आतल्या भोकाचा व्यास, निमुळतेपणा आणि स्पिंडलची लांबी ही चार मापे घेतली तर जुन्या सुट्या भागांच्या बाजारातूनही तो जुळवता येतो किंवा चांगल्या टर्नरकडून बनवून घेता येतो.

हे काम मायक्रोमीटर, डायल गेज आणि बोटांच्या जाणिवेचे आहे. रंगांधळ्या माणसाला ते पूर्णपणे जमते. मात्र कारखान्यातली सगळीच कामे त्याला सारखी नसतात. पोलादाला पाणी देऊन पुन्हा तापवताना गवती पिवळ्यापासून निळ्यापर्यंत चढणारे रंग पाहून आच ठरवतात. तिथे तापमापक हवा. विजेच्या कामात तारांचे रंग चुकले तर जिवावर बेतते. आयटीआयला प्रवेश घेताना फिटर, टर्नर की वीजतंत्री, हे ठरवण्याआधी रंगदृष्टी तपासून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

तपासणी दोन मिनिटांची, वेदनारहित आणि सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात होणारी आहे. ती आठवी-नववीतच करावी, भरतीच्या मैदानावर नव्हे. जन्मजात रंगांधळेपणावर आज कोणतेही सिद्ध औषध नाही. थेंब, जीवनसत्त्वे, व्यायाम यांवर पैसे घालवू नयेत. रंगीत काचांचे चष्मे काहींना छटांतला फरक वाढवून दाखवतात, पण दोष तसाच राहतो. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना वाहन परवाना देण्याची मुभा 2020 पासून आहे, हेही लक्षात ठेवावे. आणि मोठेपणी अचानक रंग फिके किंवा वेगळे दिसू लागले, विशेषतः क्षयरोगावरचे एथॅम्ब्युटॉल सुरू असताना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तो जन्मजात दोष नसतो आणि वेळीच कळला तर नजर वाचू शकते.

लक्ष्मणरावांचे निधन 26 सप्टेंबर 1956 रोजी झाले. तोवर त्यांच्या कुटुंबाच्या कारखान्यांतून नांगरांबरोबर पंप, इंजिने, विजेच्या मोटारी आणि लेथ देशभर गेले होते. रंगांधळेपणामुळे ते मोठे झाले असे म्हणणे खोटे ठरेल. एक दार बंद झाल्याचे त्यांना अठराव्या वर्षाच्या आसपास कळले आणि दुसरे शोधायला हातात पुरेसा वेळ होता. आपल्या मुलांनाही तेवढा वेळ मिळावा, यासाठी शाळेतली दोन मिनिटांची तपासणी पुरेशी आहे.