गड्ड्यापलीकडचा सिद्धराम

जानेवारी आला की आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न असतो : गड्ड्याला कधी जायचं? नवी पेठेत खरेदी उरकायची, पार्क चौकाकडून चालत होम मैदान गाठायचं, पाळण्यात बसायचं, भजी खायची, फोटो काढायचे आणि घरी. मीही हेच करत आले. पण ज्याच्या नावानं ही यात्रा भरते तो माणूस कोण होता, असं कुणी विचारलं असतं तर मला धड दोन वाक्यं सांगता आली नसती. म्हणून या वेळी ठरवलं, आधी त्याची गोष्ट समजून घ्यायची.

गोष्ट बाराव्या शतकातली. तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणत. 'सोळा गावांचं सोलापूर' ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या काळच्या शिलालेखांत नाव सापडतं ते सोन्नलगीचं. इथं मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम जन्मला. मुलगा अबोल, आपल्याच तंद्रीत असणारा. घरच्यांनी त्याला गुरं राखायला धाडलं.

पुढचं कथेत येतं ते असं. एके दिवशी शेतात एक जंगम आला. नाव सांगितलं मल्लय्या. त्यानं कोवळी कणसं खाल्ली आणि मग दहीभात मागितला. पोरगं पळत घरी गेलं, दहीभात घेऊन आलं, तर शेतात कुणीच नाही. मल्लय्याला हाका मारत ते श्रीशैलला निघालेल्या यात्रेकरूंबरोबर चालू लागलं. तिथं लोकांनी मल्लिकार्जुनाचं लिंग दाखवलं आणि हाच तुझा मल्लय्या म्हणून सांगितलं. त्याला ते पटेना. त्याला बोलणारा, जेवणारा मल्लय्या हवा होता. शेवटी तो कड्यावरून उडी टाकायला निघाला, तेव्हा मल्लय्या प्रकटला. त्यानं पोराला सावरलं आणि परत पाठवलं. सांगितलं एकच : जा, तुझ्या गावाचंच श्रीशैल कर.

आता जरा भूगोल आठवा. श्रीशैलला डोंगर आहे, जंगल आहे, खाली कृष्णा वाहते. आपल्याकडे काय? सपाट माळ आणि बेभरवशाचा पाऊस. गावातून वाहणारी मोठी नदीही नाही. मग सिद्धरामानं काय केलं? तळं खोदलं. हजारो माणसं त्या कामावर राबली, असं परंपरा सांगते. तळ्यात मंदिर उभं केलं आणि गावाच्या पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापन केली. म्हणजे गोष्टीतलं श्रीशैल त्यानं इथल्या मातीत आखलं.

पण त्याच्या आयुष्यातला खरा पेच इथून पुढे सुरू होतो. तळ्याचं काम चालू असताना अल्लमप्रभू हे शरण सोन्नलगीत आले. त्यांनी सिद्धरामाला दगडमातीचा मुकादम म्हणून हिणवलं. कामगार चिडले, त्यांनी दगड भिरकावले. सिद्धराम स्वतः संतापला, त्याच्या क्रोधाचा अग्नी भडकला, पण अल्लमप्रभूंच्या पायाशी येऊन विझला, असं कथा सांगते. अल्लमप्रभूंचा सवाल साधा होता. तळी बांधलीस, देवळं बांधलीस, नाव झालं. पण स्वतःला ओळखलंस का?

एवढं उभं केलेल्या माणसाला हे ऐकून घेणं सोपं नव्हतं. सिद्धरामानं ऐकून घेतलं. तो त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला गेला. तिथल्या अनुभव मंटपात बसवण्णांसारखे शरण जमत. चन्नबसवण्णांनी त्याला दीक्षा दिली. त्यानं कन्नडमध्ये वचनं रचली आणि पुढे शून्यपीठाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. कल्याणमध्ये उलथापालथ झाली, शरण विखुरले. सिद्धराम मात्र सोन्नलगीला परतला आणि त्यानं इथंच समाधी घेतली. आत पाहायला शिकलेला माणूस शेवटी आला तो आपल्याच तळ्याकाठी.

आणखी एक कथा आहे. एका कुंभारकन्येनं त्याच्याशी लग्नाचा हट्ट धरला. तो विरक्त. त्यानं तिचं लग्न आपल्या योगदंडाशी लावायला परवानगी दिली. आज मिरवणुकीत जे सात नंदीध्वज निघतात, त्यांच्यामागे ही गोष्ट आहे. पहिल्या दिवशी 68 लिंगांना यण्णीमज्जन, म्हणजे तैलाभिषेक. कानडीत एण्णे म्हणजे तेल. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम. बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच, जड ध्वज पेलत शहरभर चालतात. म्हणजे सिद्धरामाचं चरित्र आपल्याकडे दरवर्षी पायांनी वाचलं जातं.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. आयर्लंडमध्ये बॉइन नदीजवळ न्यूग्रेंज नावाची 5000 वर्षांपूर्वीची दगडी वास्तू आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण थेट तिच्या गाभ्यात शिरतो. ती बांधणारे लोक विस्मृतीत गेले, पण नंतरच्या पिढ्यांनी तिथं देवांचं घर आहे अशा कथा सांगितल्या आणि जागा लक्षात राहिली. जागा गोष्टीला धरून ठेवते आणि गोष्ट जागेला.

आपल्याकडे मात्र ही पकड सैल होतेय. 68 लिंगांपैकी कित्येक आता रस्ते, दुकानं आणि कॉलन्यांच्या मधोमध आहेत. आपण रोज गाडीवरून त्यांच्या शेजारून जातो. मला स्वतःला परवापर्यंत जेमतेम तीन ठाऊक होती, आणि तीही 68 पैकी आहेत हे माहीत नव्हतं. तळ्याचंही तेच. फोटोत ते छान येतं, पण या कोरड्या गावात कुणीतरी पाण्याचा विचार केला होता, हे कितीजणांच्या डोक्यात येतं?

तेव्हा गड्ड्याला जा, पाळण्यातही बसा. फक्त यंदा एक दिवस काढून नंदीध्वजांच्या मागे थोडं चाला. आणि आपल्या घराजवळचं, कॉलेजजवळचं लिंग कोणतं, ते आजीला विचारून ठेवा. तिला नक्की माहीत असेल.