ह्यू डाउडिंग : दूरस्थ सेनानी

ह्यू डाउडिंग यांचा जन्म १८८२ मध्ये स्कॉटलंडमधील मॉफट येथे झाला. तोफखान्यातून ते हवाई दलात आले आणि १९३६ मध्ये ब्रिटनच्या फायटर कमांडचे पहिले प्रमुख झाले. लंडनजवळील बेंटली प्रायरी या जुन्या वाड्यात त्यांचे मुख्यालय होते. किनाऱ्यावरील रडार केंद्रांची वार्ता दूरध्वनीने तेथे येई, पडताळली जाई आणि मगच विभागीय केंद्रांकडे धाडली जाई. कोणती विमाने केव्हा उडवायची, हे त्या केंद्रांनी ठरवावे, अशी त्यांची योजना होती. विद्यार्थिमित्रांनो, दूर बसलेल्या अधिकाऱ्याला सर्व सूत्रे स्वतःकडे ठेवण्याचा मोह होतो. डाउडिंग यांनी तो टाळला, हे विशेष.

मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना आणखी लढाऊ विमाने तेथे पाठवण्यास त्यांनी लेखी विरोध केला. संकटातील मित्रराष्ट्राविषयी असा निर्णय कठोरच म्हणावा लागेल. मात्र त्याच उन्हाळ्यात ब्रिटनचा बचाव या राखलेल्या विमानांवर अवलंबून राहिला. नकाशावर सरकणाऱ्या प्रत्येक खुणेमागे तरुण वैमानिक होते. डाउडिंग यांचा पुत्र डेरेक त्यांपैकीच एक. लढाई जिंकूनही नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे.